साय केव्हा घालायची

॥ श्री ॥

नदीपलीकडची शाळा, ता. भामरागड
६ जुलै २०२४

तीर्थरूप बाबांना रंजीताचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

पत्र पाहून दचकू नका, मी ठीक आहे. इथला टॉवर उभा असतो, पण बोलत नाही. आणि खरं सांगू का, तो बोलतो तेव्हाही आपण दोघं जेवण झालं का, हो, पाऊस आहे का, हो, एवढ्यावर येऊन थांबतो. मग फोन कोण ठेवतो याची वाट पाहतो. म्हणून म्हटलं, लिहूनच पाहावं. अमर आज संध्याकाळी एटापल्लीहून येतील तेव्हा त्यांच्याकडे देईन. तुमच्या जावयाला वनखात्याच्या कागदांतून मान वर काढायला वेळ नाही, तरी पत्र पोस्टात टाकायला विसरणार नाहीत.

माझा सातवा महिना सरत आलाय. इतर बायांचं या दिवसांत पोट सुटतं, भूक लागते. माझं उलटं चाललंय. भात शिजल्याचा वास आला की मी क्वार्टरच्या बाहेर. गेल्या महिन्यात वजन वाढायचं ते दीड किलोने उतरलं. उपकेंद्राच्या सिस्टर चांगल्या आहेत, पण परवा माझा हात हातात धरून म्हणाल्या की मॅडम, हसण्यावारी नेऊ नका, बाळाला तुमच्याशिवाय दुसरं दुकान नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला त्या मला भामरागडला दवाखान्याजवळच्या माहेरघरात नेऊन ठेवणार आहेत. नद्या चढल्या की मग कोणालाच हलवता येत नाही. दूरच्या गावांतल्या सगळ्या बाया शेवटचे दिवस तिथेच काढतात. नाव माहेरघर, बाबा. ऐकलं तेव्हा मला हसू आलं आणि मग हसू थांबवता आलं नाही.

आता मुद्द्याचं. मला डोहाळे लागले आहेत आणि तेही कशाचे, तर आईच्या टमाटर सूपचे. ते क्रीमवालं. वरोऱ्याला लग्नात कागदी कपात प्यायली आणि मग मांडवामागे जाऊन आचाऱ्याशी बोलत बसली, ते. तुम्ही तिला सगळ्या वऱ्हाडात शोधत होतात. मग हिवाळाभर तिने ते घरी करून करून बसवलं. मी चंद्रपूरहून सुट्टीत आले की पहिल्या दिवशी तेच. मला त्याचा रंगसुद्धा आठवतो, पण कृती माहीत नाही. तेव्हा वाटायचं, विचारायची घाई काय आहे.

तुम्ही स्वयंपाकघरात कधी गेला नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तुम्ही तिथेच तर बसलेले असायचात, दाराशी पेपर घेऊन. काही तरी पाहिलं असेल. आठवेल ते कळवा.

आईच्या दहाव्यापासून आपण नीट बोललेलो नाही. ते आत्ता काढत नाही. आत्ता फक्त सूप.

तब्येतीला जपा. माझ्यावर राग असला तरी लोभही असू द्या.

तुमची,
रंजीता


॥ श्री ॥

कोलारझरी, ता. चिमूर
१४ जुलै २०२४

चि. सौ. रंजीता हिस बाबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने धानाच्या बांधीवर आणून दिलं. रोवणी चालू होती, हात चिखलाचे. पत्र तोंडात धरून घरी आलो. बायांनी विचारलं का भाऊ काय झालं, मी सांगतलं की पोरीले भूक लागली आहे. त्या हसल्या. मले हसू आलं नाई. दीड किलो म्हणजे काय कमी आहे?

तुले वाटते मी पेपर वाचताना पाहत होतो. मी पेपरच वाचत होतो बेटा. पण तुझी चिठ्ठी आली अन् दुसऱ्या दिवशी चिमूरच्या बाजारातून टमाटर आणले. आपल्या आजीच्या काळी त्याले भेदरं म्हणत, अन् चटणीच्या वर त्याची लायकी समजत नसत. तुझ्या आईने त्याले कपात नेऊन बसवलं.

पहिल्या दिवशी मी टमाटर गंजात उकडले, रवीने घुसळले अन् वरून अर्धा शेर दूध ओतलं. दूध फाटलं. गंजात लाल पाणी अन् पांढरे गोळे. मी ते कुत्र्यापुढे ठेवलं. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाह्यलं अन् शेजारच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी दूध घातलं नाई, तर आंबट एवढं झालं का दातं करकरले. तिसऱ्या दिवशी सालंच सालं. घशात चिकटली अन् मी खोकत खोकत आंगणात.

खोकला ऐकून सुगंधाबाई आली. तुझ्या आईची मैत्रीण आहे, तिले हक्क आहे, सरळ चुलीपाशी जाऊन गंजात डोकावली. म्हणे भाऊ, हे काय करून राह्यले, बैलाले काढा पाजता का? मी सांगतलं. मग ती खालीच बसली. म्हणे की आपली तारा कांदा अन् लसूण आधी थोड्या तेलात परतायची, लाल नाई होऊ द्यायची. टमाटराच्या बुडाले चाकूने फुली मारायची, मग उकळत्या पाण्यात टाकायची, म्हणजे साल आपोआप सुटते. थोडं गाजर घालायची, अन् गुळाचा खडा. मग चाळणीतून घासून काढायची. पण ते दाट अन् मऊ कशाने होत होतं, हे तिलेही आठवत नाई. म्हणे साय होती, पण नुसत्या सायीने तसं होत नाई. अन् साय फाटत काऊन नव्हती, तेही तिले ठाऊक नाई.

मी शोधून राह्यलो. तोपर्यंत तू पेज पी, फुटाणे खा, जे पोटात राह्यते ते खा. सिस्टर म्हणते ते ऐक. माहेरघरात जायले आळस करू नको.

बाकीचं तू काढलं नाई, मीही काढत नाई. आठवण मात्र काढत राहा, बाबाचं ते एक मागणं.

तुझा,
बाबा


॥ श्री ॥

नदीपलीकडची शाळा
२३ जुलै २०२४

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी वर्गात वाचलं आणि कुत्र्याच्या ठिकाणी आल्यावर एवढी हसले की तिसरीची पोरं आपापली पाटी घेऊन जवळ आली. त्यांना वाटलं, मॅडम रडतात. दोन वर्षांत तुमचं एवढं बोलणं एकदम ऐकायला मिळालं नव्हतं.

मीही इकडे खटपट केली. शाळेत खिचडी शिजवायला सोमारी येते, माझ्याच वयाची माडिया बाई, तीन लेकरांची आई. तिच्या कुंपणावर आपोआप उगवलेली टमाटरं आहेत, गोट्यांएवढी. ती ओंजळभर तिने आणून दिली. मी दूध विचारलं तर सोमारी तोंडावर हात ठेवून हसली. म्हणाली की गाईचं दूध तर वासराचं असतं, मॅडम, ते आपण काऊन प्यायचं. तिच्या गावात कोणी गाय पिळत नाही. मी दुकानातल्या दूधभुकटीचा पुडा फोडला तर त्यात मुंग्यांनी संसार मांडलेला. मग साल काढून नुसतं टमाटराचं पाणी प्याले. दहा मिनिटं राहिलं. एरवी तेवढंही राहत नाही.

वजन तेवढंच आहे. कमी झालं नाही, हे सिस्टरना आवडलं.

बाबा, मी ते काढणार नव्हते. पण इथे संध्याकाळी करायला काही नसतं आणि पोटातलं बाळ लाथा मारून जागं ठेवतं. माझ्या डोक्यात सारखा तो रविवार येतो. मी पगाराच्या कागदांसाठी भामरागडला आले होते, फोन लागला, तुम्हाला दवाखान्यात फोन केला. तुम्ही म्हणालात की ताप उतरलाय, आई बरी आहे, झोपली आहे. तुमचा आवाज मला वेगळा वाटला होता. तरी मी कागदांवर सह्या करत बसले. सोमवारी सकाळची बस सुटली तेव्हा मी स्टँडसमोरच चहा पीत होते. रात्री पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं आणि मंगळवारी आई गेली. सहाव्या दिवशी मी पोचले तेव्हा तिची राखसुद्धा घरात नव्हती.

दहाव्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की हिले नोकरी मोठी झाली, आई नाई. मी उत्तर दिलं नाही, कारण मला ते खरं वाटलं. अजून वाटतं. आवाजावरून ओळखायला हवं होतं. पोटच्या पोरीला एवढं कळू नये?

मला एकच विचारायचं आहे. शेवटी तिने माझं नाव काढलं का? सूप जमलं नाही तर राहू द्या. याचं उत्तर मात्र द्या.

तुमचीच, अजून तरी,
रंजीता


॥ श्री ॥

कोलारझरी
२ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रंजीता हिस आशीर्वाद.

हे पत्र दोन पानांचं आहे. पहिलं पान आधी वाच. सूप कर, पी. दुसरं पान जेवल्यावर वाच. हे बाबाचं सांगणं आहे, यात मनाचं चालवू नको.

सूप जमलं. सांगतो कसं.

परवा जेवायले बसलो अन् ताटातला भात पाह्यला, तवा एकदम आठवलं. सुपाच्या दिवशी तुझी आई माझ्या ताटातून मूठभर भात काढून घ्यायची. मी दरवेळी कुरकुर करायचो का दिवसभर नांगरामागे मी चालतो अन् भात तुझ्या सुपाले काऊन? ती म्हणायची, एका मुठीने तुम्ही वाळत नाई. हे मी चार हिवाळे ऐकलं अन् मले एकदाही विचारावंसं वाटलं नाई की ती त्या भाताचं करते काय. ती तो टमाटरासंग वाटायची. दाटपणा तो भाताचा होता.

तर असं कर. एक लहान कांदा, चार लसूण पाकळ्या, चमचाभर तेल, मऊ होऊ दे. साल काढलेले सहा टमाटर चिरून टाक, गाजर असलं तर गाजर, मीठ, बोराएवढा गूळ. झाकण ठेवून गळू दे. थंड झालं की मूठभर मऊ भात टाकून पाट्यावर गंधासारखं वाट. चहाच्या गाळणीतून घासून काढ. पाणी घालून पुन्हा एक उकळी दे. आता साय. साय कधीच चुलीवरच्या गंजात घालायची नाई. गंज खाली उतरव. वाटीत साय फेट, तिच्यात गरम सूप एकेक चमचा घाल, चार-पाच चमचे. म्हणजे सायीले गरमीची सवय होते. मग ती वाटी गंजात ओत अन् पुन्हा चुलीवर चढवू नको. हे मी सात वेळा दूध नासवून शिकलो. तुझ्याकडे साय नाई हे मले समजलं. तिथी काय मिळते ते सोमारीले विचार, तिले माझ्याहून जास्त अक्कल असेल. मिरे कुटून वरून घाल.

सुगंधाबाई दोन वाट्या प्यायली. वाटी धुऊन ठेवली अन् गेली.

इथी पहिलं पान संपलं. आता उठ अन् सूप कर.

(पान दुसरं)

रंजू, तुले आवाज बरोबर ऐकू आला होता. चूक तुझी नव्हती.

रविवारी सकाळी डॉक्टरने मले बाहेर बोलावून सांगतलं की मूत्रपिंडं काम करून नाई राह्यले, कोणाले बोलवायचं असेल तर आजच बोलवा. मी आत येऊन खिशातून फोन काढला. तुझ्या आईले न सांगता समजलं. तिने माझं मनगट धरलं. म्हणे की रंजूले सांगू नका. पाऊस लागला आहे, नदी चढून राह्यली, पोरगी ऐकली तर डोंग्यात बसेल, वाहत्या पाण्यातही बसेल. मी गेली तर एकच जीव जाईल, दोन नाई. तिने माझ्याकडून शब्द घेतला. दुपारी तुझाच फोन आला अन् मी खोटं बोललो.

मी सांगतलं असतं तर तू सोमवारच्या सकाळच्या बसने निघाली असती. नदी रात्री चढली. तू सुखरूप पोचली असती अन् आई तुले भेटली असती. हे मले मंगळवारीच समजलं. दोन वर्षं हेच समजून राह्यलं.

मग दहाव्याला पाहुणे विचारू लागले की पोरगी काऊन आली नाई. मी खरं सांगायचं तर माझा शब्द अन् माझी चूक दोन्ही उघडी पडत होती. मी तुझ्यावर ढकललं. तू खाली मान घालून ऐकत होती अन् मले वाटत होतं, हिने एकदा उलटून बोलावं. तू बोलली नाई.

तू विचारलं तिने नाव काढलं का. दुसरं नावच नव्हतं.

याच्या पुढचं कागदावर उतरत नाई. माफ कर असं लिहायचा मले हक्क नाई. तू जेवत राहा, एवढंच.

बाबा


॥ श्री ॥

माहेरघर, भामरागड
२८ ऑगस्ट २०२४

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र मला सात तारखेला मिळालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सिस्टर मला ट्रॅक्टरने इथे घेऊन आल्या. नंतर दोनदा रस्ता बंद झाला. पण उत्तर रस्त्यामुळे थांबलं नाही. मीच लिहीत नव्हते.

तुम्ही सांगितलं तसंच केलं. आधी पहिलं पान. सोमारीला सायीचं विचारलं तर ती घरी जाऊन फडक्यात बांधलेली चारोळी घेऊन आली. उन्हाळ्यात जंगलातून वेचून फोडून ठेवलेली. म्हणाली की दुधासारखं हेच असतं, पोरांना आम्ही देतो. तासभर भिजवली, सालं काढली आणि पाट्यावर भातासोबत वाटली. ती वाटताना पाटा पांढरा झाला, बाबा. टमाटरात घातली आणि फाटायचा प्रश्नच आला नाही. रंग आईच्यासारखा आला. चव तिच्यासारखी नव्हती, थोडी जंगलाची होती. मी वाटी संपवली. मग अजून एक. सोमारीने मला बोट दाखवून दम दिला की आता बाहेर पळायचं नाही. मी पळाले नाही. सगळं पोटात राहिलं.

मग दुसरं पान वाचलं.

मला काय वाटलं ते नीट लिहिते, कारण तुम्ही नीट लिहिलंत. पहिल्यांदा हलकं वाटलं. दोन वर्षं मी स्वतःला जे म्हणत होते ते खरं नव्हतं. आणि मग एवढा राग आला की तुम्ही समोर असतात तर मी काय केलं असतं ठाऊक नाही. खोटं बोललात त्याचा नाही. आईने शब्द घेतला, तिच्यापुढे तुमचं कधी चाललंय. राग दहाव्याचा आहे. तुम्हाला माहीत होतं की मी निर्दोष आहे, आणि तरी मला त्या पाहुण्यांच्या मध्ये उभं केलंत. मी घरी जायचं सोडलं ते त्यामुळे. पहिल्या वर्षी दिवाळीला मी इथे शाळेच्या ओसरीवर एकटी पणत्या लावत होते आणि तुम्ही तिथे एकटे. कशासाठी?

तुमचं पत्र मी दोनदा फाडायला घेतलं. पहिलं पान हवं होतं म्हणून फाडलं नाही.

सिस्टर रोज सूप करायला लावतात. इथे आम्ही सहा बाया आहोत. वजन अडीच किलो वाढलंय. डॉक्टर म्हणतात बाळ लहान आहे, पण वाढतंय. तारीख सप्टेंबरच्या मध्यावर आहे. अमरना रजा मिळाली तर येतील, पण मधला नाला भरला की एटापल्लीची वाट बंद होते.

बाकीच्या पाचजणींजवळ कोणी ना कोणी आहे. आई, सासू, बहीण. संध्याकाळी त्या एकमेकींच्या डोक्याला तेल लावतात. माझ्या डोक्याला तेल लावायला येतात त्याही, पण माझी भाषा त्यांना अर्धीच येते आणि त्यांची मला अर्धीच. मला भीती वाटते, बाबा. हे मी अमरनाही सांगितलेलं नाही.

राग गेलेला नाही. जाईल की नाही माहीत नाही. तरी या. रस्ता उघडा दिसला की निघा, आणि पाणी असेल तर कुठल्याही डोंग्यात बसू नका, थांबा. रागासकट जेवढा लोभ शिल्लक आहे तेवढा तुमचाच.

रंजीता


॥ श्री ॥

माहेरघर, भामरागड
२० सप्टेंबर २०२४

सौ. सुगंधाबाईस गुणवंताचा रामराम. डिंपल वाचून दाखवेल म्हणून अक्षर मोठं काढून राह्यलो. नातीले सांगा, हळू वाच, घाई करू नको.

तुम्ही वाट पाहत असाल. पोरगी झाली. पंधरा तारखेले, सकाळी चहाच्या वेळेस. दोघी बऱ्या आहेत. आता पहिल्यापासून सांगतो.

पाच तारखेले निघालो. आलापल्लीपर्यंत बस मिळाली, पुढे पाणी. तीन दिवस तिथी बस स्टँडावर काढले. कोणीतरी सांगे की डोंगा चालू आहे. मले जीव तिथीच टाकून पळत सुटावं वाटे, पण पोरीने बजावलं होतं म्हणून बसलो. त्या तीन दिवसांत मले समजलं की तारा काय बोलली होती, अन् हेही समजलं की थांब म्हणलं तर माणूस थांबतो. रंजूही थांबली असती. तिले सांगून थांब म्हणायचं होतं. मी अन् तारेने तिले विचारलंच नाई.

नऊ तारखेले रस्ता उघडला. माहेरघराच्या दारात ती उभी होती. हात एवढे बारीक अन् पोट एवढं. पाया पडायले वाकू नको असं मी म्हणणार होतो, पण ती वाकलीच नाई. विचारलं, जेवले का. मी म्हणलं नाई. आत जाऊन तिने माझ्यासाठी भात वाढला अन् दुसऱ्या खोलीत निघून गेली.

मग मी कामाले लागलो. इथी सामाईक चूल आहे. रोज सकाळी टमाटर सोलतो, चारोळी वाटतो. पहिल्या दिवशी बायांनी म्हातारा माणूस पाट्यावर बसलेला पाहून पदरात तोंडं लपवली. तिसऱ्या दिवशी वाट्या घेऊन रांगेत बसल्या. एक जण गोंडीत काई बोलली, सगळ्या हसल्या. मी सिस्टरले विचारलं तर ती म्हणे की ती विचारून राह्यली, पुढच्या वेळी पण हाच बाबा येणार का? रंजू प्यायची, वाटी परत द्यायची. कामापुरतं बोलायची.

पंधरा तारखेले पहाटेपासून कळा होत्या. मी बाहेरच्या बाकावर. जावई नाल्यापलीकडे अडकलेले. पोरगी रडली ते ऐकलं, पण रंजूचा आवाज नाई ऐकू आला, अन् त्या दहा मिनिटांत मी काय काय कबूल केलं ते देवाले ठाऊक. मग डॉक्टरीण बाई बाहेर आली. म्हणे की पोरगी दोन किलो शंभर आहे, लहान आहे, तिले अंगाच्या उबेत ठेवावं लागते, आईले रक्त जास्त गेलं, तिले झोपू द्या. मी म्हणलं मग ऊब कोण देईल. ती म्हणे, तुम्ही काऊन नाई?

सुगंधाबाई, मले सदरा काढायले लावला. पोरीले टोपी घालून माझ्या उघड्या छातीवर ठेवलं अन् वरून फडक्याने बांधलं. एवढीशी, चिमणीसारखी. उभ्या आयुष्यात रंजूले मी असं धरलं नव्हतं, आमच्यात बापाने लेकरू चारचौघांत घेणं बरं दिसत नसे. आता पाच दिवस झाले, रंजू दूध पाजते अन् मग पोरगी माझ्याकडे. मी बाकावर टेकून बसतो. हलता येत नाई, खोकता येत नाई.

परवा दुपारी असाच बसलो होतो. रंजू खाटेवर, भिंतीकडे तोंड करून. ती तशीच पडून म्हणाली की बाबा, आईचे दवाखान्यातले ते चार दिवस सांगा. पहिल्या दिवसापासून. गाळू नका.

मी सांगतलं. तारेले रिक्षात कसं घातलं, कोणतं लुगडं होतं, सलाइनची सुई कोणत्या हातात होती, तिने किती घोट पाणी घेतलं. मधी मधी ती विचारे, मग? मी सांगत जाई. रविवारपाशी आलो अन् थांबलो. ती म्हणे, मग? तवा मी ते सांगतलं जे तुम्हालेही कधी सांगतलं नाई.

रंजूचा फोन आला तवा मी तो स्पीकरवर टाकला होता. तारेनेच खुणावलं. ती झोपली आहे असं मी रंजूले सांगतलं अन् तारा टक्क जागी, मान फोनकडे करून. रंजू सांगत होती की शाळेचं छत गळून राह्यलं, पोरं खिचडीच्या गंजाखाली डोकं घालून बसली, एक पोरगी म्हणे मॅडम तुमच्यासाठी पण गंज आणू का? तारा हसली. आवाज येऊ नये म्हणून तोंडावर पदर धरला अन् हसली. फोन ठेवल्यावर मले म्हणे की पोरगी तिथी सुखात आहे. त्याच्यानंतर ती फार बोलली नाई.

मले वाटलं रंजू रागावेल की हे दोन वर्षं काऊन लपवलं. तिने कूस बदलली. माझ्याकडे तोंड केलं. आई गेल्यापासून मी तिले रडताना पाह्यलं नव्हतं, दहाव्यालेही नाई. रडली, लय वेळ. माझ्या छातीवर पोरगी झोपलेली, मी उठू शकत नव्हतो, तर तिनेच हात लांब करून माझा गुडघा धरला. मग विचारलं की आई हसली तवा मी नेमकं काय म्हणत होते? मी पुन्हा सांगतलं. विचारलं, किती वेळ ऐकत होती? मी म्हणलं सात-आठ मिनिटं असतील. डोळे पुसले अन् म्हणाली, पुन्हा सांगा.

आज सकाळी पुन्हा सांगतलं. दुपारी पाजून झाल्यावर पुन्हा विचारेल, मले माहीत आहे.

जावई काल पोचले, चिखलाने माखलेले. पोरीचं नाव अजून ठेवलं नाई. माझी गाय तुम्हीच दोहत जा, दूध घरी वापरा. बांधीचं पाणी तेवढं पाहा, धानाच्या लोंब्या निसवायच्या वेळी आटू देऊ नका. मी महिनाभर येत नाई. इथी माझ्यावाचून अडते, असं आयुष्यात पहिल्यांदा कोणी म्हणून राह्यलं.

डिंपलले आशीर्वाद. घराकडे लक्ष ठेवा अन् आमच्या तिघांवर, नाई, आता चौघांवर, माया राहू द्या.

तुमचा,
गुणवंत